तक्रार मागे घ्यायची सोय नव्हती

राजुऱ्यात धम्मदीप दुर्गेला लोक 'गाडीवाला' म्हणत. त्याच्या घरी एक जुनी मोटारसायकल सोडली तर चाकाची दुसरी वस्तू नव्हती, पण नाव पडलं ते पडलंच. पुण्यात एका कंपनीत चार वर्षं सॉफ्टवेअरचं काम करून तो परत आला होता. वडील गेले, आई ठमाबाई एकटी राहिली, आणि पुण्याला चल म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर असे, "तिथी माणसं ओळखीचे नाईत अन् झाडंबी नाईत." मग तोच आला. ओसरीत टेबल टाकलं, दोन-तीन शाळांच्या वेबसाइट केल्या आणि उरलेल्या वेळात एक ॲप बनवलं. त्याचं नाव ठेवलं 'गाडी कुठी'.

ॲप साधं होतं. राजुरा, गडचांदूर, कोरपना, बल्लारपूर या पट्ट्यात ज्या काळीपिवळ्या जीपा धावतात, त्यांच्या ड्रायव्हरच्या फोनवरून गाडी कुठे आहे ते कळायचं आणि नकाशावर एक लाल ठिपका सरकताना दिसायचा. चौकात उन्हात ताटकळणाऱ्या माणसाला तेवढं पुरे होतं. सिमेंट कारखान्यातले कामगार, कॉलेजच्या मुली, बाजाराला निघालेल्या बाया, सगळे ते वापरू लागले. दुकानदारांच्या जाहिराती आल्या. दोन जिल्ह्यांत असं काही करणारा आपण एकटाच, हे तो कोणाला बोलून दाखवत नसे, पण चौकातून जाताना लोकांच्या हातातल्या फोनकडे त्याची नजर जायचीच.

अशीच एका सकाळी त्याची नजर मुखरूभाऊच्या खिशातल्या फोनकडे गेली. मुखरूभाऊ म्हणजे गडचांदूर लाइनचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. तो जीपला टेकून उभा होता आणि त्याच्या खिशातून बाईचा आवाज आला, "गडचांदूरची जीप निंघाली. अर्ध्या घंट्यात येते."

हे काय, असं धम्मदीपनं विचारल्यावर मुखरूभाऊ जरा ओशाळला, मग सांगून मोकळा झाला. मुलचेऱ्याकडे बंगाली निर्वासितांचा कॅम्प आहे, तिथली एक पोरगी आहे, रिना मंडल, तिनं बनवलेलं ॲप. नाव 'निंघाली'. नेट लागत नाही. ड्रायव्हरनं निघताना साधा मेसेज टाकायचा, बाकीचं ते आपोआप करतं.

"अन् बोलते, भाऊ," मुखरूभाऊ म्हणाला. "ज्याले वाचता येत नाई, त्याचंबी काम होते."

त्या दुपारी धम्मदीपनं 'निंघाली' आपल्या फोनवर घेतलं आणि आतून-बाहेरून तपासलं. गडचिरोलीच्या जंगलात कित्येक किलोमीटर इंटरनेट नसतं. बल्लारपूरहून तिकडे निघालेल्या गाडीचा त्याचा लाल ठिपका आष्टीच्या पुढे गेला की हरवायचा, आणि त्यानं ते कधी मनावर घेतलं नव्हतं. या मुलीनं नेमकी तिथूनच सुरुवात केली होती. ड्रायव्हरचा एका अक्षराचा मेसेज प्रवाशाच्या फोनवर यायचा, ॲप तो वाचायचं आणि मोठ्यानं सांगायचं. मराठीत, बंगालीत आणि काही गावांपुरतं गोंडीतही. आवाज तिचा स्वतःचाच होता. मागे कुठेतरी कोंबडा आरवलेलाही ऐकू येत होता.

आपल्यापेक्षा चांगलं आहे, हे त्याला पहिल्या तासातच कळलं. आणि त्याच तासात दुसरीही एक गोष्ट कळली, जी मुखरूभाऊला कळणं शक्य नव्हतं. ॲप लोकांचे मेसेज वाचत होतं.

फोनमध्ये येणारं जवळजवळ प्रत्येक ॲप एकाच दारातून येतं. ते दार म्हणजे स्टोअर. त्या दारावर कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर काढायचं ते स्टोअरची परदेशातली कंपनी ठरवते. मेसेजमधून बँकेचे ओटीपी चोरणारी ॲप फार झाली, तेव्हा कंपनीनं नियम केला की मेसेज वाचायची परवानगी कोणी मागायची नाही. ज्याला खरीच गरज असेल त्यानं वेगळा अर्ज करून कारण पटवून द्यावं. पुण्यात असताना धम्मदीपनं असे अर्ज भरले होते. रिनानं तो भरलेला नव्हता. तिला असा काही अर्ज असतो हेच बहुधा ठाऊक नसावं, आणि स्टोअरच्या यंत्राच्या नजरेतून ते सुटलं होतं.

दोन महिने त्यानं काही केलं नाही. हे तो पुढे स्वतःला पुष्कळदा सांगत असे, की दोन महिने मी काही केलं नाही. मग एक दिवस चौकातल्या साडीच्या दुकानदारानं सहज विचारलं, "त्या बोलनाऱ्या ॲपवर जाहिरात देता येते का हो?" धम्मदीप हसला, माहीत नाही म्हणाला, घरी आला आणि टेबलाशी बसून त्यानं स्टोअरचा तक्रारीचा फॉर्म उघडला.

फॉर्ममध्ये कारणांची यादी होती. त्यात एक होतं 'परवानगीच्या नियमाचा भंग'. ते निवडलं तर स्टोअर ॲपवाल्याला कळवतं, दुरुस्तीला काही दिवस देतं, अर्ज करायला सांगतं. त्याच्या खाली होतं 'फसवणुकीचा संशय'. ते निवडलं तर कोणी काही विचारत नाही. ॲप तर जातंच, बनवणाऱ्याचं खातंही जातं. दोन्हींतला फरक धम्मदीपला पुरता माहीत होता. त्यानं दुसरं निवडलं. खालच्या चौकटीत लिहिलं की हे ॲप खेड्यातल्या, कमी शिकलेल्या लोकांचे खाजगी मेसेज वाचतं. वाक्य खरं होतं. वरची खूण खोटी होती.

चौथ्या दिवशी ठमाबाई आपला फोन घेऊन ओसरीत आली. "हे पाय बरं, लाल-लाल काय दिसून राह्यलं." फोनवर सूचना होती की 'निंघाली' हे ॲप धोकादायक असू शकतं, काढून टाका.

धम्मदीप आईच्या फोनकडे पाहतच राहिला. ते तिच्याकडेही होतं. ठमाबाईला ते ध्यानात आलं आणि ती चोरी पकडली गेल्यासारखी गडबडली. गडचांदूरला बहिणीकडे जायचं असलं की लागतं, म्हणाली. "तुझं चांगलंच आहे रे. पन मले तो ठिपका समजत नाई. हे पोरगी कशी बोलते." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "चोरी करत होती का रे ते?"

"माहीत नाई," धम्मदीप म्हणाला, आणि त्यानंच बोटानं ते ॲप आईच्या फोनमधून काढून टाकलं.

एवढ्यावरच राहिलं असतं तर कदाचित तो ते पचवूनही गेला असता. पण आठवड्याभरात, एप्रिलच्या भर दुपारी, खांद्याला पिशवी लावलेली एक सडपातळ मुलगी फाटकाशी येऊन उभी राहिली आणि दुर्गे सरांचं घर हेच का म्हणून विचारू लागली. तीन गाड्या बदलून आली होती. चेहरा उन्हानं लाल झाला होता. रिना मंडल, असं तिनं नाव सांगितलं, आणि धम्मदीपच्या मनात आलं की हिला सगळं कळलेलं आहे.

तिला काही कळलेलं नव्हतं. ती मदत मागायला आली होती. 'गाडी कुठी'च्या पानावर त्याचा पत्ता होता. "दोन जिल्ह्यांत या कामातलं तुमच्याशिवाय कोनी माहीत नाई मले, दादा," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. एका सकाळी मेल आला की ॲप काढलं आहे आणि खातं कायमचं बंद केलं आहे, कारण फसवणूक. कोणाची, कशी, काही नाही. फोन करायला नंबर नाही, भेटायला माणूस नाही. तिनं तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा काही मिनिटांतच तेच पत्र परत आलं, खाली कोणाची सही नसलेलं. नवं खातं काढायचं तर तिचा नंबर, बँक, पत्ता सगळं स्टोअरला ठाऊक, म्हणून तेही लगेच बंद. तिच्या बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला गडचिरोलीला जावं लागतं. आष्टीची जीप दोनदा चुकली, एकदा त्यांना रस्त्यातच धाप लागली, त्यातून हे ॲप निघालं होतं.

"कोनी तक्रार केली असन का?" तिनं विचारलं.

"यंत्रच पकडते कधी कधी," धम्मदीप म्हणाला.

त्यानं तिच्यासाठी अपील लिहायला घेतलं. दुपार सगळी त्यात गेली. रस्ते, नेटवर्क, डायलिसिस, मेसेज का वाचावे लागतात, वाचलेलं कुठेही साठवलं कसं जात नाही, सगळं त्यानं मुद्देसूद इंग्रजीत मांडलं. आजवर इतकं चांगलं पत्र त्यानं कधी लिहिलं नव्हतं. लिहिताना मध्येच त्याला वाटे की हे पत्र स्वीकारलं गेलं तर झालं, मग त्या फॉर्मचा कोणाला पत्ताही लागायची गरज नाही. तेवढ्यात आतून ठमाबाई आली आणि रिनाला जेवायला चल म्हणाली. रिना नको-नको म्हणाली, तो आवाज ऐकून ठमाबाई थबकली. तिनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "हा आवाज तं मी ओळखते," ती म्हणाली. "तूच का ते निंघाली?" रिना हसली आणि तशीच रडायला लागली. ठमाबाईनं तिला आत नेऊन वरण-भात आणि वांग्याची भाजी वाढली, पाठीवर हात फिरवत राहिली. आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं, "तू काई चोर दिसत नाईस बापा." धम्मदीप ओसरीत कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसला. त्याला जेवायला बोलावलं तेव्हा भूक नाही म्हणाला.

अपील धाडलं आणि अकरा मिनिटांत नाकारलं गेलं. अक्षर न् अक्षर पहिल्यासारखंच पत्र. रिनानं ते दोनदा वाचलं आणि उठली. जाताना तिनं त्याचे आभार मानले, तुम्ही एवढा वेळ दिला म्हणाली.

पुढे तिनं ॲपची फाइल व्हॉट्सॲपवरून वाटून पाहिली. पण स्टोअरच्या बाहेरून काही घेतलं की फोन लाल अक्षरात धमकावतो, आणि फोनवरून बँकेची खाती रिकामी झाल्याच्या गोष्टी तिकडे घरोघर ऐकलेल्या. कोणी घेतलं नाही. उलट अफवा उठली की बंगालीनीच्या ॲपनं पैसे जातात. मुलचेऱ्याच्या बाजारात एका बाईनं तिला तोंडावर विचारलं म्हणे. हे मुखरूभाऊनं आष्टीच्या ड्रायव्हरकडून ऐकलं आणि राजुऱ्याच्या चौकात सांगितलं. धम्मदीप तिथंच उभा होता. त्यानं ऐकून घेतलं.

त्याचं ॲप मात्र वाढलं. आष्टी, चामोर्शी, मुलचेरा, जिकडे रिनाचं होतं तिकडचे लोकही आता 'गाडी कुठी' उघडू लागले, दुसरं काही नव्हतंच. ठिपका आष्टीपुढे अजूनही हरवायचा. आवाज त्यात कधी आलाच नाही. लोक लिहीत, की भाऊ, लगाम गावापाशी काही दिसत नाही, मायला वाचता येत नाही, काहीतरी करा. सुरुवातीला तो उत्तर देई, बघतो म्हणे. मग तेही सोडलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि सहा-सात महिन्यांत त्यानं ॲपमध्ये एक ओळ बदलली नव्हती. एक दिवस असाच कोणाचा तरी राग वाचताना त्याच्या मनात आलं, करू दे तक्रार, जाणार कुठी? मनात आलं आणि तो दचकला. स्टोअरच्या ज्या कंपनीला तो रोज शिव्या घालत असे, तिच्या तोंडी शोभावं असं ते वाक्य होतं, आणि ते त्याच्या डोक्यात सहज उगवलं होतं.

त्यानं स्टोअरला लिहिलं की माझी तक्रार चुकीची होती, ती मला मागे घ्यायची आहे. तशी सोय कुठे नव्हती. तक्रार करायला फॉर्म होता, मागे घ्यायला नव्हता. त्यानं तोच फॉर्म भरून चौकटीत सगळं लिहिलं. उत्तर आलं, की आपल्या सहकार्यामुळे स्टोअर सुरक्षित राहण्यास मदत होते, धन्यवाद. पुन्हा लिहिलं, पुन्हा धन्यवाद. त्या दिवसापासून त्याला नीट झोप लागेना. रिनाचं ते आभार मानणं त्याला सारखं आठवे.

जानेवारीत तो मुलचेऱ्याला गेला. आष्टीला वैनगंगा ओलांडली आणि त्याच्या फोनवरचा ठिपका थांबला तो थांबलाच; गाडी जंगलातून धावत होती आणि नकाशावर ती पुलापाशीच उभी होती. वाटेत एका फाट्यावर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. कधीपासून बसल्या म्हणून त्यानं विचारलं, तर सकाळपासून, म्हणाल्या. कोणी कुरकूर करत नव्हतं.

मंडलांचं घर कॅम्पाच्या टोकाला होतं, बांबूचं कुंपण आणि मागे मासे पाळलेलं तळं. रिनाचे बाबा सुनिल मंडल अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. नाव सांगताच ते हात जोडून उठू लागले. तुम्हीच तो अर्ज लिहून दिला होता, एवढं कोण करतं, म्हणाले, आणि चहा करवला. त्यांच्या स्वतःच्या कपात दोन घोटच होते. पाणी मोजून प्यावं लागतं, असं त्यांनी सहज सांगितलं. धम्मदीपच्या हातात भरलेला कप तसाच निवत राहिला.

रिना दुपारी आली. आता ती सेतू केंद्रात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची. त्याला पाहून ती हसली. ती बसायच्या आत त्यानं सांगून टाकलं, कारण ती बसली असती तर त्याच्यानं झालं नसतं.

"तक्रार मी केली होती."

सुनिलबाबूंना नीट समजलं नाही, त्यांनी लेकीकडे पाहिलं. रिना बसली नाही. तिनं एकच प्रश्न विचारला, आणि तो अशा माणसाचाच प्रश्न होता ज्याला ती यादी माहीत आहे.

"कोनतं कारण निवडलं होतं?"

"फसवणूक."

"वरचं निवडलं असतं तं मले दिवस भेटले असते. मी अर्ज केला असता."

"हो," धम्मदीप म्हणाला. "माहीत होतं मले."

तिनं बाबांना बंगालीत समजावून सांगितलं. म्हातारा ओरडला नाही. खाटेवर आडवा होऊन कुंपणाकडे तोंड करून पडून राहिला, आणि धम्मदीपला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. त्यानं घाईघाईनं मनात ठरवून आणलेलं सांगितलं, की माझ्या खात्यावरून तुमचं ॲप तुमच्याच नावानं टाकू, मी अर्ज करतो, परवानगी मिळवतो. रिनानं मान हलवली.

"तुमच्या दारातून नाई यायचं मले. तुमचं दार तरी तुमचं कुठी आहे?"

तिनं दुसरंच काही चालवलं होतं. एक साधा नंबर. त्यावर फोन लावला की गाडी निघाली का ते ऐकू यायचं. कुठलंही ॲप नको, स्टोअर नको, बटणाचा फोनही चालतो. पण ड्रायव्हर तिला कळवायला तयार नव्हते आणि लोक लावायला. तिच्या नावाची भीती बसली होती.

"लोकांले सांगा," ती म्हणाली, "का मी चोर नव्हती. तुमीच सांगा. तेवढं करा, दुर्गे सर." दादा म्हणणं तिनं तिथंच सोडलं.

ते तेवढं त्याला फार जड होतं. नुसती माफी मागून सुटलं असतं तर बरं, असं त्याला परतीच्या वाटेवर वाटत राहिलं. तरी त्यानं केलं. आष्टी, चामोर्शी, गडचांदूर, राजुरा, प्रत्येक स्टँडवर जाऊन ड्रायव्हरांपुढे उभा राहून सांगितलं की त्या मुलीनं कोणाचा रुपया घेतला नाही, खोटी खूण मी केली, धंदा जाईल म्हणून केली. काहींनी कीव केली, काहींनी तोंडावर हसून घेतलं. आष्टीत एकानं कॉलर धरली. मुखरूभाऊ सगळं ऐकून म्हणाला, "मीच तुले दाखवलं होतं, भाऊ," आणि मग बरेच दिवस त्याच्याशी बोलला नाही. 'गाडी कुठी'च्या पहिल्या पानावर महिनाभर तेच लिहिलेलं होतं, खाली रिनाचा नंबर.

ठमाबाईला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या कोणी वाचून दाखवण्याआधी त्यानं स्वतः तिच्याजवळ बसून वाचलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"त्या दिवशी ते इथी जेवली," ती म्हणाली. आणि सूप घेऊन आत गेली.

नंबर हळूहळू चालू लागला. आधी आष्टीकडे, मग चामोर्शी, आता गडचांदूर लाइनवरही अर्धे ड्रायव्हर रिनाला कळवतात. धम्मदीपकडच्या जाहिराती पुष्कळ गेल्या. साडीचं दुकानही गेलं. त्याला पुन्हा कामाला लागावं लागलं. ठिपका हरवतो तिथं आता शेवटची खबर तरी लिहून येते. बोलणारा आवाज मात्र त्यानं घातलेला नाही. दोनदा करायला बसला आणि दोन्ही वेळा उठला.

रिनाचं स्टोअरमधलं खातं बंदच आहे. धम्मदीप दर दोन महिन्यांनी लिहितो, त्याला दर वेळी धन्यवाद येतात.

यंदा श्रावणात एकदा तिचा त्याला फोन आला. त्यानं तो लगेच उचलला. लगामच्या पुढचा रपटा, तो नाल्यावरचा बुटका पूल, पाण्याखाली गेला आहे, ती म्हणाली, गाड्या अलीकडेच थांबल्यात, तुमच्या ॲपवरही टाका, तिकडून येणारे लोक अडकतील. त्यानं विचारलं, बाबा कसे आहेत. "तुमी खबर टाका, दुर्गे सर," ती म्हणाली. आणि तिनं फोन ठेवला. त्यानं खबर टाकली, आणि पाणी उतरेपर्यंत दर तासाला तपासत राहिला.